शाळा उघडताना मावशींची जागाही भरा

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस



ताई, कोरोनाच्या साथीत बंद असलेल्या शाळा येत्या ४ ऑक्टोबरपासून उघडणार हे आपण जाहीर केलंत आणि आमच्या वर्गाच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत मुलींचे निरोप येत राहिले. एकीला विचारायचं होतं, जुना गणवेश आखूड झालाय, तो चालेल का. दुसरीला, डबा खायला एकत्र बसू देतील का. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मुलींच्या अनुदानित शाळेत शिकवते. नववीची वर्गशिक्षिका आहे. खरं तर आभाराच्या चार ओळी लिहून थांबायला हवं होतं. पण १५ ऑक्टोबरपासून साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू करण्याचा निर्णयही आपल्याच सरकारने घेतलाय. या दोन तारखांमध्ये अकरा दिवस आहेत. मुलींच्या मनःस्वास्थ्याबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं या अकरा दिवसांशी बांधलेलं आहे, म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता उघड लिहिते आहे.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास गावं रिकामी होऊ लागतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायचा. घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी असेल तर ती कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, भाकऱ्या थापायला आणि धाकट्याला सांभाळायला बरोबर जाते. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर आम्ही शिक्षिका वस्त्या-तांड्यांवर फिरतो. हिला आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहात ठेवा, म्हणून विनवण्या करतो. आमच्या हातात मुद्दा एकच असतो, की तिची शाळा बुडेल. गेल्या वर्षी तो मुद्दाच उरला नाही. "कुठली शाळा, बाई? तुमची शाळा तर मोबाइलवर हाय. तिकडं बी मोबाइल चालतो की," असं एका बापाने मला ऐकवलं, आणि त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना.

शासनाच्या लेखी सलग महिनाभर शाळेत न आलेलं मूल शाळाबाह्य ठरतं. चांगला नियम आहे. त्यामुळे महिन्याभरात कुणीतरी घरी जाऊन विचारायला बांधील असतं. पण मार्च २०२० पासून बहुतेक काळ शाळाच बंद, म्हणजे गैरहजर कुणीच नाही. फडावर गेलेली पटावर, लग्न होऊन गेलेली पटावर, दुकानात उभी राहणारी पटावर. यंदा मार्चमध्ये शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं तेव्हा आम्हीही दारोदार फिरलो. "शिकतीय की, ऑनलाइन," हे उत्तर इतक्या ठिकाणी मिळालं की शेवटी शेवटी आम्ही प्रश्न विचारायच्या आधीच रकाना भरत होतो.

ऑनलाइन शिक्षणाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. दीक्षा ॲप, सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली', व्हॉट्सॲपवरचा 'स्वाध्याय', या सगळ्यामागे माणसांची मेहनत होती आणि काही मुलींना त्याचा उपयोग झालाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ६१.५ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं आढळलं, बायकांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के. आमच्या भागात याचा अर्थ असा, की घरात फोन एक, तो दिवसभर वडिलांच्या खिशात, आणि संध्याकाळी आधी भावाच्या हातात. माझ्या वर्गाचे गृहपाठाचे फोटो रात्री दहानंतर यायचे. एका मुलीच्या बीजगणिताच्या वहीवर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पिठाचा अंगठा उमटलेला असायचा. ती गणितं बरोबर सोडवायची. तास चालू असताना मात्र तिला काही विचारलं की माइकमधून आधी भांड्यांचा आवाज यायचा, मग आईचा, आणि मग ती हळूच म्हणायची, "बाई, नंतर सांगते." तिच्या घरात बसून तिला मनातलं काही सांगता येईल, अशी अपेक्षा कुणी ठेवावी?

मुलगी शाळेत येते तेव्हा पाच-सहा तास ती कुणाची थोरली बहीण नसते, कुणाची सून व्हायची नसते. तिला तिच्या नावाने हाक मारतात. आमच्या मुलींच्या मनःस्वास्थ्याचा सगळ्यात मोठा आधार हाच आहे. परिपत्रकांत मनःस्वास्थ्याचा उल्लेख येऊ लागलाय याचा मला आनंद आहे, दहा वर्षांपूर्वी तोही नव्हता. या दीड वर्षात तज्ज्ञांची वेबिनार झाली, मीही ऐकली. दीर्घ श्वास घ्या, दिनचर्या लिहा, आवडता छंद जोपासा, असं त्यांत सांगत होते. मदतीचे दूरध्वनी क्रमांक आले, तेही चांगलंच. पण हेल्पलाइनला फोन करायला फोन लागतो आणि बोलायला आडोसा लागतो. वडिलांच्या फोनवरून, दोन खोल्यांच्या घरात, घरच्याच माणसाबद्दलची तक्रार पोर कशी सांगणार? चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. ती भिंत दीड वर्ष कुणी वाचलेली नाही.

आता लग्नांबद्दल लिहिते. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीनुसार राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. हा राज्याचा सरासरी आकडा आहे, आमच्या जिल्ह्याचा याहून पुष्कळ वर आहे. साथीने या लग्नांची सोयच करून दिली. एरवी बापाला लग्नाचा खर्च जमवायला दोन-तीन वर्षं लागायची, तेवढ्यात मुलगी दहावी तरी व्हायची. गेल्या वर्षी पन्नास माणसांत लग्न उरकायला परवानगी होती. यंदा एप्रिलात तर पंचवीस माणसं आणि दोन तास, असा आदेशच निघाला. आदेश साथीसाठी योग्य होता, मी त्याला दोष देत नाही. पण मांडव नाही, वाजंत्री नाही, जेवणावळ नाही, हुंडाही थोडा कमी, आणि गावातही कुणाला कळत नाही, असा मुहूर्त पुन्हा कधी येणार? कायद्याने गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाकडे आहे. पूर्वी त्याच्या कानावर बातमी जायची ती बहुतेक वेळा शाळेतून. एखादीच्या हातावर मेंदी दिसायची, एखादी मैत्रीण मधल्या सुट्टीत येऊन सांगायची, "बाई, तिला बघायला येणारेत." मधली सुट्टी बंद झाली आणि बातमीही बंद झाली.

१६ जुलैला दहावीचा निकाल लागला. संकेतस्थळ दिवसभर कोलमडलेलं होतं, ते सोडा. परीक्षा न होता, अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. आमच्या शाळेतही पेढे वाटले. गुणपत्रिका न्यायला ज्या मुली आल्या त्यांत काही जणी गळ्यात मंगळसूत्र घालून आल्या होत्या. एकीबरोबर नवरा होता. तो बाहेर मोटरसायकलवर बसून होता आणि दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. तिने रजिस्टरवर सही केली, जुन्याच आडनावाने, आणि मला म्हणाली, "बाई, अकरावीचा फॉर्म कधी निघतो ते मला कळवाल का? माझ्या नंबरवर नको, आईच्या नंबरवर." राज्याच्या यादीत ती उत्तीर्ण आहे. ती वर्षभर कशातून गेली हे सांगणारा रकाना कुठल्याच पोर्टलवर नाही.

दुसऱ्या लाटेनंतर वेगळंच दुखणं आलं. कोरोनाने आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांच्या नावावर पाच लाखांची ठेव ठेवायचं शासनाने ठरवलं, एक पालक गेलेल्यांसाठी बाल संगोपन योजना आहे. हे केलंत ते बरं केलंत. पण मुलीच्या शाळेच्या बाजूने पाहिलं तर हिशेब थोडा निराळा निघतो. वडील गेले तर घरात पैशाची ओढाताण होते, तरी आई बहुतेकदा मुलीला शाळेत धाडते. आई गेली आणि वडील कमावते असले, तर कागदावर घर सावरलेलं दिसतं. प्रत्यक्षात त्या दिवसापासून स्वयंपाक, धुणं आणि धाकटी भावंडं त्या मुलीच्या अंगावर पडतात. अशी मुलगी रडत नाही. दु:ख करायला तिला फुरसतच मिळालेली नाही. ती ४ तारखेला शाळेत येईल की नाही, मला खात्री नाही. आली, तर पहिल्याच दिवशी तिच्यापुढे चाचणीचा कागद ठेवू नये असं मला वाटतं. जुलैपासून सेतू अभ्यासक्रमाच्या चाचण्या झाल्याच आहेत. मुली काय विसरल्या हे आम्हाला कळायला अजून कागद नकोत.

यातलं काहीही शाळेत सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येतं, हे आता सांगते. मुख्याध्यापकांच्या नाही. आम्हा वर्गशिक्षिकांच्याही नाही, कारण एका वर्गात साठ-पासष्ट मुली असतात आणि तास पस्तीस मिनिटांचा. ते लक्षात येतं मावशींच्या.

ताई, आपण स्वतः शिकवलेलं आहे, तेव्हा मावशी म्हणजे कोण हे आपल्याला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. कागदोपत्री ते चतुर्थ श्रेणीचं पद, शिपाई. मुलींच्या शाळेत ती मावशी असते. घंटा देते, पाणी भरते, वर्ग झाडते, हे तर आहेच. शिवाय पॅडचं कपाट तिच्या ताब्यात असतं. सहावीतल्या पोरीला वर्गात पहिल्यांदा पाळी आली की बाईंना सांगायची लाज वाटते म्हणून मैत्रिणी तिला घेऊन मावशींकडे पळतात. मावशी फ्रॉकला मागून ओढणी बांधून देते, गरम पाणी देते, काही होत नाही गं म्हणते, आणि घरी कोण आहे ते विचारते. कुठली पोर चार दिवस डबा आणत नाही, कुठली मधल्या सुट्टीत संडासात जाऊन रडते, कुठलीच्या अंगावर वळ आहेत, फाटकासमोर रोज कुणाची मोटरसायकल उभी असते, हे सगळं तिला ठाऊक असतं. आमच्या मावशी सातवी शिकलेल्या होत्या. एकदा त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "बाई, त्या मागच्या बाकावरच्या पोरीला जरा जपा, ती आठ दिस झाले हसली नाही." मी तिला रोज शिकवत होते, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं की घरी लग्नाची बोलणी चालू होती. ती बोलणी थांबली. समुपदेशनाच्या कुठल्या पुस्तकात हे असेल तर मला माहीत नाही.

११ डिसेंबर २०२० रोजी, बहुतेक वर्ग बंद असताना, आपल्या विभागाने शासन निर्णय काढला. खाजगी अनुदानित शाळांमधली चतुर्थ श्रेणीची पदं यापुढे भरायची नाहीत, असलेली माणसं निवृत्त होतील तशी पदं संपवायची, आणि त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता द्यायचा. ग्रामीण भागात तो महिन्याला पाच हजार रुपये. राज्यभरातल्या सुमारे ५२ हजार पदांचा हा प्रश्न आहे, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. संस्थाचालक आणि शिक्षकांनी एक दिवस शाळा बंदचा इशारा दिला, निवेदनं गेली, मग दुसरी लाट आली आणि विषय मागे पडला. तिजोरीचा ताण मला कळतो. पण मुलांच्या शाळेत आणि मुलींच्या शाळेत हे पद एकच काम करतं असं ज्याने धरलं, त्याने मुलींच्या शाळेत कधी दुपार काढलेली नसावी. पाच हजारांत महिनाभर राबायला कोण बाई येईल? आलीच तर दोन महिन्यांत सोडून जाईल. मुली अनोळखी बाईजवळ बोलत नाहीत, आणि त्या जागी पुरुष आला तर मुळीच बोलणार नाहीत. आमच्या मावशी यंदा निवृत्त झाल्या. पॅडचं यंत्र आम्हाला एका देणगीदाराने दिलंय, नाणं टाकलं की पॅड निघतं. ते भरायचं कुणी, हा प्रश्न आम्ही ४ तारखेला सोडवू.

पॅडचा विषय निघालाच आहे तर त्याचंही सांगते. २०१८च्या महिला दिनी 'अस्मिता' योजना सुरू झाली, आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत. योजना जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींसाठी. सातवीपर्यंत गावच्या शाळेत असलेली मुलगी आठवीत आमच्याकडे आली की पाळी तीच राहते, योजना मात्र सुटते. टाळेबंदीत औषधाच्या दुकानापर्यंत जाणं मुश्कील होतं, घरात पैसे नव्हते, आणि मुली पुन्हा जुन्या कपड्यावर आल्या. मुली हे आपणहून सांगत नाहीत. पांढरं पाणी जातंय, खाज येते, असं मैत्रिणीच्या नावाने विचारतात.

तशीच एक गोष्ट पोषण आहाराची. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या आहाराची रक्कम यंदा थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करायची ठरली. पहिली ते पाचवीसाठी १५६ रुपये, सहावी ते आठवीसाठी २३४. खातं उघडायला गेलं तर काही बँका हजार रुपये ठेवा म्हणाल्या. वरच्या मजल्यावर बसून आखलेल्या योजनेचा असा नमुना पाहिला की मला मुलींच्या उपस्थिती भत्त्याची आठवण येते. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया, १९९२ पासून. तो रुपया वाढला नाही म्हणून आपण सगळेच त्याची थट्टा करतो, मीही केली आहे. पण ज्याने तो सुरू केला त्याला एवढं नक्की कळलं होतं की मुलीचं शाळेत येणं घराने दर सकाळी नव्याने ठरवायचं असतं.

म्हणूनच मला त्या संमतीपत्राची काळजी वाटते. शाळेत यायला पालकांची लेखी संमती हवी, आणि हजेरीची सक्ती नाही. साथीत हे असंच असायला हवं, कुणाच्या लेकराला जबरदस्तीने बोलवायचं नाही, हे मान्य. पण कागदावर सही कुणाची होणार? बापाची. ज्या घरात मुलीला शाळेतून काढायचं कुणाच्या मनात आहे, पण उघड म्हणायची सोय नाही, त्या घराला हे संमतीपत्र आयतं मिळालं. "आम्हाला अजून कोरोनाची भीती वाटते, सर," असं म्हणून सही नाकारता येते. त्याच घरातला मुलगा त्याच आठवड्यात क्लासला जात असतो. माझी विनंती एवढीच आहे, की ज्या मुलीची संमती आली नाही तिच्या घरी आठवड्याच्या आत वर्गशिक्षिकेने जाऊन आईशी बोलावं, अशी एक ओळ सूचनांमध्ये घाला. बापाशी नव्हे, आईशी. आणि त्या आठवड्यात आम्हाला दुसरी कामं लावू नका. या दीड वर्षात शिक्षकांनी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं सर्वेक्षण केलं, नाक्यांवर उभे राहिले, रेशन दुकानांवर बसले. आम्हाला घरोघर फिरायची सवय झालेली आहे, आता तिचा उपयोग करून घ्या.

मुलींच्या शाळेतून साथीच्या काळात सरकारला जाहीरपणे लिहिलेलं हे काही पहिलं पत्र नव्हे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता तेव्हा शारदा सदनाच्या पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये लिहून, प्लेगच्या इस्पितळात आणि विलगीकरणात बायकामुलींची कशी आबाळ होते, त्यांच्या अब्रूची कशी पर्वा होत नाही, हे चव्हाट्यावर आणलं होतं. त्यांच्या आश्रमातल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडलं त्यामुळे त्या पेटून उठल्या होत्या. लंडनच्या पार्लमेंटपर्यंत त्याचे पडसाद उमटले, आणि सरकारने आरोप फेटाळले. त्याच साली, त्याच प्लेगमध्ये, आजाऱ्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. ३ जानेवारीला आपण दरवर्षी त्यांच्या तसबिरीला हार घालतो. त्या शेवटच्या दिवसांत काय करत होत्या, याचं मला जास्त महत्त्व वाटतं. त्या भाषण देत नव्हत्या, प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे निघाल्या होत्या. रमाबाईंना जे म्हणायचं होतं ते आजही तसंच्या तसं लागू पडतं. साथीचा बंदोबस्त करताना मुलींच्या सुरक्षिततेचा विचार वेगळा करावा लागतो.

शहरांतल्या मुलींच्या शाळांची दुखणी वेगळी असतील. तिथे मुलीला स्वतःची खोली असते, स्वतःचा फोन असतो, आणि तरीही, किंवा म्हणूनच, पोर रात्र रात्र जागत असेल, जेवण टाळत असेल. तिथल्या शाळांना समुपदेशक ठेवणं परवडतं. आम्हाला समुपदेशकाचं पदच मंजूर नाही, संचमान्यतेत तो रकानाच नाही. एकेका शाळेला एक मागत नाही. दहा-बारा शाळांमागे एक बाई नेमा, आठवड्यातला एक ठरलेला वार आमच्याकडे द्या, आणि तिला बसायला दार लागेल अशी खोली आम्ही देऊ. फक्त तिला पोर्टलवर माहिती भरायला लावू नका.

आणखी एक मागणं परिवहन खात्याचं आहे, पण मंत्रिमंडळात आपण शेजारी बसता. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे, मानव विकासच्या निळ्या बसही आहेत. आमच्या निम्म्या मुली या गाड्यांनी येतात. टाळेबंदीत खेड्यांतल्या फेऱ्या बंद झाल्या, त्या अजून पुरत्या सुरू झालेल्या नाहीत. गाडी नसेल तर मुलगा सायकल काढतो, कुणाच्या मागे बसून येतो. मुलीला घरचे म्हणतात, गाडी चालू झाली की जा. शाळा उघडायचा आदेश आणि सकाळची फेरी सुरू करायचा आदेश एकाच दिवशी निघाला असता तर किती बरं झालं असतं! अजून आठवडा हातात आहे.

तेव्हा ताई, लांबलेलं आवरते. मुलींच्या शाळांना डिसेंबरच्या त्या शासन निर्णयातून वगळा आणि प्रत्येक मुलींच्या शाळेत निदान एक पूर्णवेळ मावशीचं पद कायम ठेवा. खर्च कुठून काढायचा ते वित्त विभाग सांगेल, आम्ही पोरींचे हाल सांगितले. आणि ऊसतोडीच्या तालुक्यांतल्या हंगामी वसतिगृहांना यंदा मंजुरी नोव्हेंबर-डिसेंबरात देऊ नका, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच द्या. मुकादमाचे ट्रॅक्टर १४ तारखेच्या रात्री भरायला लागतील. मुलगी एकदा त्यात बसली की ती मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाही, आणि काही जणी तेव्हाही येत नाहीत. ज्या घरांनी मुलीला मागे ठेवायचं कबूल केलंय त्यांची यादी माझ्याकडे तयार आहे. वसतिगृह चालू होणार, असं त्यांना कोणत्या तारखेपासून सांगू, तेवढं १० ऑक्टोबरच्या आत कळवावं, ही विनंती.

आपली,
नववीची एक वर्गशिक्षिका
बीड जिल्हा, सप्टेंबर २०२१